पांढरीवरची हाक

या सदरात लिहिणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य सारखंच असतं, की "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता." मी दर महिन्याला ते वाचते आणि हसते. आता स्वतः लिहायला बसले तर माझ्याही पेनातून तेच उतरतंय, काय करणार... माझे वडील शाळेत सायन्स शिकवायचे. अमावस्येला आम्ही मुद्दाम पिंपळाखालून जायचो, भूत दिसलंच तर त्याला नमस्कार करू म्हणून. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, जो देवळात गेला की मूर्तीकडे न बघता दगड कुठल्या काळातला आहे ते बघायचा. तेव्हा खालची हकीकत मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. माझं वय झालंय, आणि त्या दिवशी तिथे असलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. विद्यापीठाने वऱ्हाडातल्या जुन्या वस्त्या, देवळं, बारवा यांचा अभ्यास करायला एक संशोधन केंद्र काढलं होतं. केंद्र म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या, खापरांनी भरलेली पोती, आणि टेंबेसर. आमचे हे, म्हणजे मधुकर, तिथे सरांचे सहायक होते. सरांचं सगळं लक्ष वाशीमवर. कागदोपत्री तेव्हा बाशीम म्हणत आणि जिल्हा अकोला होता. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, हे सर इतक्या वेळा सांगायचे की मला ते रामरक्षेसारखं पाठ झालं होतं. राजधानी होती, तर तिच्या आसपासची गावं कुठे गेली? माणसं कशी राहायची, कशात शिजवायची? सरांना ते शोधायचं होतं.

त्या हिवाळ्यात आमचा कॅम्प पडला तो वाशीमहून रिठदकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका लहान गावाबाहेर. गावाचं नाव देत नाही. तिथे शेताच्या कडेला एक टेकाड होतं, त्याला सगळे पांढरी म्हणत. आपल्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे तुम्हाला माहीत असेलच. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, की खालची माती राखेसारखी पांढुरकी होते. गाव केव्हाच दुसरीकडे सरकलं, पांढरी तशीच राहिली. गावातले लोक घर सारवायला, भिंती लिंपायला तिथूनच माती न्यायचे.

मी एकोणीस वर्षांची, साताऱ्याकडची. लग्नाला पुरतं वर्ष नव्हतं झालं. माझं ड्रॉइंग चांगलं होतं म्हणून सरांनी मला खापरांची चित्रं काढायला बरोबर घेतलं. यांच्या घरी त्यावरून बराच गहजब झाला होता, सून रानात तंबूत राहणार म्हणून. पण मी गेले. आणि सांगते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर महिने ते. सकाळी तंबूवर दंव साचलेलं असायचं, तुरीच्या शेतातून धुकं उठायचं, मोटेची करकर ऐकू यायची, आणि अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीपाशी सर मफलर बांधून संस्कृत श्लोक म्हणत बसलेले.

पांढरीला लागून मारोतरावांचं शेत होतं. विहिरीच्या पाण्यावर ते वांगी, मिरच्या, मेथी, सांबार पिकवायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर. हे कळायला मला दोन दिवस लागले, तोवर मी आमटीचीच वाट बघत होते. मारोतराव आणि त्यांची बायको गोदाबाई शेतातच झोपडी करून राहायची. टेकाडाची जमीनही त्यांचीच, खणायला परवानगी त्यांनीच दिली होती, आणि आम्हा सगळ्यांचं दुपारचं जेवण गोदाबाई रांधायची. गाव तिला गोदामाय म्हणायचं, म्हणून आम्हीही.

ठेंगणी, काटक बाई. कपाळावर ठळक गोंदण. पहिल्याच दिवशी तिने मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "इतकुशी पोट्टी, अन् इले मातीत कायले आनलं?" माझं नाव विमल, तिच्या तोंडी ते इमल झालं आणि शेवटपर्यंत इमलच राहिलं. तिथे मला दुसरं कुणी त्या नावाने हाक मारत नसे. निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर... ती चव मी नंतर घरी आणायचा किती प्रयत्न केला, जमली नाही.

गोदामायची एक रीत होती. जेवण झालं की ती निरोप धाडायची नाही. स्वतः चुलीवरून उठायची, शेताच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली येऊन उभी राहायची, तोंडाशी हात धरायची आणि लांब हेल काढून हाक द्यायची, "या वं माय... भाकर झाली..." आवाज असा खणखणीत की पलीकडच्या शेतातले लोकही आपलं काम थांबवायचे. आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत ती तिथून हलायची नाही. सर कधी कधी कंटाळायचे, म्हणायचे, आलो ना बाई, तुम्ही व्हा पुढे. पण ती ढिम्म उभी.

माघ लागला होता. आम्ही खणलेला चर आता दोन पुरुष खोल गेला होता. चराच्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसायचे, राखाडी, पिवळट, मधेच जळक्या धान्याची काळी रेघ. मी खाली बसून त्या थरांची चित्रं काढायची. त्या दिवशी सकाळी किसनच्या कुदळीला काहीतरी लागलं. किसन हा आमच्या मजुरांचा म्होरक्या. माती हाताने बाजूला केली तर वीट. मोठी, रुंद, जुन्या काळची. मग तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, सरळ ओळ. कुणाच्या तरी घराची भिंत.

सरांचा चेहरा मला आजही दिसतो. दोन हिवाळे त्यांनी ह्याचीच वाट पाहिली होती. केंद्राला पुढच्या वर्षी मदत मिळायची की नाही हे आता कशावर ठरणार ते आम्हाला माहीत होतं. हे तर गुडघ्यावर बसून ब्रशने माती झाडत होते आणि कुणाशी बोलतही नव्हते. किसन, टोपल्या वाहणाऱ्या दोघी बाया, सर, हे आणि मी, सगळे त्या चरात, सगळ्यांच्या माना खाली.

आणि हाक आली. "या वं माय... भाकर झाली..."

सूर्य अजून डोक्यावर यायचा होता, जेवायची वेळ झालेली नव्हती. पण आवाज रोजचा, ओळखीचा. बायांनी टोपल्या ठेवल्या, पदराने तोंड पुसलं आणि शिडी चढून गेल्या. मागोमाग किसन. सर वैतागले. आज कसली इतक्या लवकर भाकर, ऐन वेळेला माणसं पळवते ही बाई, असं पुटपुटत तेही वर गेले, त्यांना परत आणायला.

खाली आम्ही दोघेच उरलो. मी यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, तू हो पुढे, एवढी वीट मोकळी करतो. मी पेन्सिल आवरत होते, तेवढ्यात हाक पुन्हा आली. या वेळी वेगळी. हेल नव्हता. माणूस जवळ उभं राहून दमात सांगतं तशी.

"इमल, त्याले बी घेऊन ये वं."

मला भीती वाटली असं म्हटलं तर खोटं होईल. भीती नाही वाटली. लहानपणी आई हाक मारायची आणि त्या आवाजावरून कळायचं की आता "आले" म्हणून खेळत बसून चालणार नाही... अगदी तसं वाटलं. मी यांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि यांचा दंड धरून ओढलं. तोवर मी यांच्यापुढे कधी आवाजही चढवला नव्हता. हे इतके चकित झाले की रागावायचं राहून गेलं. आम्ही शिडी चढलो. मी आधी, हे मागून.

वर येऊन कडुलिंबाकडे निघालो. झाडाखाली किसन आणि दोघी बाया पाटाच्या पाण्यात हात धुऊन ओळीने बसले होते. त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. ना टोपली, ना भाकर. सर मधे उभे राहून इकडेतिकडे बघत होते. झोपडीचं दार बाहेरून बांधलेलं होतं. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की आज बाजार. मारोतराव आणि गोदामाय पहाटेच वांग्यांची गाडी भरून वाशीमला गेले होते. जातानाच गोदामायने भाकरी फडक्यात बांधून माझ्या तंबूत ठेवल्या होत्या. मी स्वतः त्या ठेवून घेतल्या होत्या. तरी ती हाक ऐकताना आमच्यापैकी एकालाही हे आठवलं नव्हतं.

सर काहीतरी विचारणार, तोच मागे आवाज झाला. फार मोठा नाही. भरलेलं पोतं वरून टाकावं तसा, आणि मग बराच वेळ माती सरकत राहिल्याचा. पांढरी धूळ वर उठली. आम्ही धावत गेलो तर चराची पश्चिमेची भिंत अख्खी खाली बसली होती. शिडीचं वरचं टोक तेवढं मातीतून दिसत होतं. हे बसले होते ती जागा, मी बसले होते ती जागा, विटा... काही उरलं नव्हतं.

किसनने खाली वाकून चिमूटभर पांढरी माती कपाळाला लावली. हे काठावर बसले आणि मी त्यांच्या दंडाला धरून उभी होते. तो दंड मी वर आल्यापासून सोडलाच नव्हता, हे मला नंतर कळलं.

दुपारभर सर आम्हाला समजावत राहिले, खरं तर स्वतःलाच. भिंत पडायच्या आधी बारीक माती झरते, तिचा आवाज होतो, माणसाला त्यात ओळखीचे शब्द ऐकू येतात. हे मान हलवत होते. किसनने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मातीले या बाईचं नाव ठावं हाय का, सायेब?" कडुलिंबाखाली बसून त्यानेही ती दुसरी हाक ऐकली होती. पण त्याला ती आमच्या बाजूने, चराकडून आल्यासारखी वाटली होती. आम्हाला ती कडुलिंबाकडून आली होती.

दिवेलागणीला बैलगाडीचे घुंगरू वाजले. इथून पुढचं मी फार जपून सांगते, कारण सगळा प्रश्न इथेच आहे. आम्ही अजून काहीही सांगितलं नव्हतं. मारोतराव गाडीवरून उतरले ते हसतच. बैल सोडता सोडता सरांना म्हणाले, "आज आमच्या बाईनं सारा बजार हसवला, सायेब."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाजार भरात होता. एक गिऱ्हाईक वांग्यांचा भाव करत होतं. गोदामाय मधेच उभी राहिली, तोंडाशी हात धरला आणि भर बाजारात हेल काढून ओरडली, या वं माय, भाकर झाली. लोक वळून वळून बघायला लागले. शेजारचा बांगडीवाला म्हणाला, माय, मलेही वाढ. मारोतरावांनी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. तर ती पुन्हा उठली. "अन् मंग तुमच्या इमलले हाक मारून राह्यली ना! त्याले बी घेऊन ये म्हने. म्या मनलं, बुढीले ऊन लागलं."

ते हसत होते, आणि आम्ही कुणीच हसत नव्हतो, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. किसनने बोटाने चराकडे दाखवलं.

गोदामाय गाडीतून उतरली. सरळ चराच्या काठापर्यंत गेली, आत पाहिलं. परत येऊन माझ्या तोंडावरून, खांद्यांवरून, हातांवरून तिने हात फिरवला, आंधळं माणूस चाचपतं तसा. मग यांच्याही. आणि म्हणाली, चला, चूल पेटवतो. तिकडे बायकाही मी करतो, मी जातो असंच बोलतात.

सरांनी मारोतरावांना खोदून खोदून वेळ विचारली. त्यांच्याकडे घड्याळ कुठलं... पण कापसाच्या जिनचा दुपारचा भोंगा तेव्हा व्हायचा होता, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. आमचंही दुपारच्या आधीचंच. सर म्हणाले, जुळतं आहे, पण एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. नाहीच होत. मीही तेच म्हणते.

तिथून वाशीम तीन-चार कोस. माणसाचा आवाज तीन-चार कोस जात नाही. गेलाच, तर वाटेतल्या गावांतल्या कुणी का नाही ऐकला? आम्हीच का?

त्या चरात सरांनी पुन्हा कुणाला उतरू दिलं नाही. थोड्याच दिवसांत आम्ही तंबू आवरले. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी गोदामायबरोबर वांगी तोडत होते. तिला विचारलं, माय, त्या दिवशी बाजारात तुम्हाला काय दिसलं?

"दिसलं काई नाई," ती म्हणाली. "नुसती त्वांडातून हाक निंघाली. मले तं माहीतबी नाई मी काय बोलली."

मग तिने आपणहून सांगितलं. तिला एक मुलगी होती, यमुना. आता असती तर माझ्याहून मोठी असती. दिवाळीच्या आधी घर लिंपायला माती आणायला म्हणून ती पांढरीवर गेली होती. तिथे सगळे एकाच बाजूने कोरून माती न्यायचे, वरचा भाग तसाच अधांतरी. गोदामाय झोपडीत भाकरी करत होती.

"येक भाकर राह्यली होती वं. मनलं, येवढी भाजतो अन् हाक मारतो."

वांगी तोडत तोडत आम्ही वाफ्याच्या शेवटाला आलो. मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही आम्हाला तिथे खणू कसं दिलंत?

पदरातल्या वांग्यांचं ओझं सावरत तिने माझ्याकडे बघितलं. "मालकानं हो मनलं. म्या मनलं, खनतीन तं खनू दे. हाक माराले मी हाओ ना."

आगगाडीत बसल्यावर मी हे यांना सांगितलं. अकोला येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं. केंद्राची मदत थांबली, सरांची तब्येत गेली, त्या दोन खोल्यांत दुसरंच काही ऑफिस आलं. त्या हिवाळ्याचा रिपोर्ट छापला गेला, त्यात एक ओळ आहे, की चराची पश्चिम भिंत कोसळल्याने काम थांबवावं लागलं, मनुष्यहानी नाही. हे पुढे दुसरीकडे पुष्कळ खणायला गेले. त्यांचे विद्यार्थी मला सांगायचे, की सर बाकी फार कडक, पण जेवायची हाक आली की हातातलं काम तिथेच टाकायला लावतात, एक मिनिट म्हणू देत नाहीत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

देश स्वतंत्र झाला त्या हिवाळ्यात आम्ही एकदा तिथे गेलो. मुलं बरोबर होती. मारोतराव गेले होते. गोदामाय पार वाकली होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी ओट्यावर चढून नुसतं "माय" म्हटलं, तर म्हणाली, "इमल आली का वं?" तिने हट्टाने भाकरी केल्या. मी मदत करते म्हटलं तर चुलीजवळ येऊ देईना. जेवण झाल्यावर हे हात धुऊन आले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून तसेच बरेच क्षण राहिले. कुठल्याही देवळात मी यांना वाकताना पाहिलं नव्हतं, ना त्याआधी, ना त्यानंतर. गोदामाय बिचारी ओशाळली. पाय आखडून घेत यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, पोटभर जेवला ना रे बाप्पा?

परतीच्या वाटेवर मी यांना विचारलं, आता मानता का तुम्ही? हे म्हणाले, "मानत नाही. पण ऐकलं होतं मी, विमल. तुझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं."

आता हेही नाहीत. मला आजपर्यंत याचा उलगडा झालेला नाही, आणि वाचकांपैकी कुणी केला तर मी ऐकून घेईन, पटेल असं सांगत नाही. मला एवढंच माहीत आहे, की आम्हाला तीन मुलं झाली, आता नातवंडं आहेत, आणि ही सगळी माणसं त्या दिवशी दुपारच्या आत वर आलेल्या दोघांची आहेत.